बलूनमधून टेहळणी: अमेरिकेच्या यादवी युद्धात आकाशातून नजर कशी ठेवली गेली?

४ फेब्रुवारी २०२३ रोजी अमेरिकेच्या एफ-२२ विमानाने साउथ कॅरोलायनाच्या किनाऱ्याजवळ चीनचा एक बलून क्षेपणास्त्राने पाडला. त्या आठवड्यात अनेकांनी विचारलेला प्रश्न अगदी रास्त होता: आकाशात एवढे उपग्रह फिरत असताना हेरगिरीला बलून कशाला लागतो?

आजच्या बलूनकडे बघून याचं नीट उत्तर मिळत नाही, कारण त्यात काय बसवलंय ते गुप्त असतं. १८६१ सालच्या बलूनमध्ये गुप्त काहीच नव्हतं. एक टोपली, टोपलीत माणूस, त्याच्या हातात दुर्बीण आणि खाली जमिनीला बांधलेला दोर. तिथून काय दिसायचं, काय दिसायचं नाही आणि दिसलेल्याचं पुढे काय व्हायचं, याचे अहवाल शिल्लक आहेत. बलूनची ताकद आणि त्याची दुखणी दोन्ही तिथे उघडी दिसतात.

अमेरिकेचं यादवी युद्ध १८६१ ते १८६५ या काळात झालं. एका बाजूला उत्तरेतली राज्यं, दुसऱ्या बाजूला गुलामगिरी टिकवण्यासाठी देशातून फुटून निघालेली दक्षिणेतली राज्यं. पुढे ‘उत्तर’ आणि ‘दक्षिण’ म्हटलं की या दोन बाजू समजायच्या. बलून युद्धात वापरण्याची ही पहिली वेळ नव्हे. फ्रेंचांनी २६ जून १७९४ रोजी फ्ल्यूरसच्या लढाईत बलूनमधून शत्रूची फौज पाहिली होती, पण १७९९ मध्ये त्यांची ती तुकडी मोडीत निघाली. बलूनला तारायंत्र जोडून, अनेक बलून हाताशी ठेवून, महिनोन्‌महिने हे काम चाललं ते अमेरिकेत.

बलून वर का जातो?

तोंड बंद केलेला रिकामा डबा पाण्याखाली दाबून धरला आणि सोडला, तर तो उसळून वर येतो, कारण तेवढ्याच जागेत मावणाऱ्या पाण्यापेक्षा तो हलका असतो. हवेतही हेच घडतं. जमिनीलगतच्या एक घनमीटर हवेचं वजन साधारण १.२ किलो भरतं. तेवढ्याच हायड्रोजनचं वजन शंभर ग्रॅमसुद्धा भरत नाही. म्हणजे एक घनमीटर हायड्रोजन सुमारे १.१ किलो ओझं उचलतो.

हायड्रोजन नसेल तर दोन पर्याय होते. एक, शहरातले रस्त्यावरचे दिवे ज्यावर जळत तो कोळशापासून काढलेला गॅस. तो साधारण निम्मंच ओझं उचलतो. दुसरा, तापवलेली हवा. ती त्याहून कमी उचलते आणि थंड झाली की बलून खाली. या तीन आकड्यांवरच दोन्ही सैन्यांची बरीचशी कथा ठरली.

उत्तरेच्या सर्वांत मोठ्या बलूनपैकी एकाचं नाव ‘इंट्रेपिड’. त्यात ३२,००० घनफूट, म्हणजे सुमारे ९०० घनमीटर गॅस मावत असे. हिशेबाने तो टनभर ओझं उचलेल, पण त्यात रेशमी पिशवी, जाळं, टोपली, दोरखंड यांचं वजनही आलं. त्यातून उरेल ती ताकद माणसांसाठी आणि तारायंत्रासाठी.

उंचावरून किती लांबचं दिसतं?

सपाट मैदानात उभ्या माणसाला क्षितिज साधारण पाच किलोमीटरवर दिसतं. पृथ्वी गोल असल्यामुळे त्यापलीकडचं जमिनीआड जातं. १५० मीटर उंचीवर गेलं की क्षितिज सरकतं सुमारे ४४ किलोमीटरवर, आणि ३०० मीटरवर ६० किलोमीटरच्याही पुढे.

जून १८६१ मध्ये थॅडियस लोव नावाच्या बलूनवाल्याने वॉशिंग्टन शहरात साधारण ५०० फुटांवर जाऊन राष्ट्राध्यक्ष लिंकन यांना तार केली. बलूनमधून पाठवलेली ही पहिली तार मानतात. तारेची वायर दोराबरोबर खाली सोडलेली होती. जवळपास पन्नास मैल व्यासाचा प्रदेश इथून नजरेत येतो, असं त्याने कळवलं. हे गणिताला लावून बघा. ५०० फुटांवरून क्षितिज सुमारे २७ मैलांवर, म्हणजे व्यास ५४ मैल. लोवने फुगवून सांगितलं नव्हतं. आज त्याच जागेच्या आसपास वॉशिंग्टनचं हवाई आणि अंतराळ संग्रहालय उभं आहे.

पण क्षितिज दिसणं वेगळं आणि तिथला सैनिक दिसणं वेगळं. कितीही चांगली दुर्बीण असली तरी दूरवरून माणूस ओळखू येत नाही. कळतात त्या खुणा: कूच करणाऱ्या फौजेची धूळ, तंबूंच्या रांगा, स्वयंपाकाचा धूर, नव्याने उकरलेल्या मातीचा रंग, रात्रीच्या शेकोट्या. तंबू आणि शेकोट्या मोजून फौजेचा अंदाज बांधायचा, हेच या लोकांचं मुख्य काम होतं.

फोटो का काढले नाहीत?

तंत्र होतं. ऑक्टोबर १८६० मध्येच जेम्स वॉलेस ब्लॅक याने बलूनमधून बॉस्टन शहराचा स्पष्ट फोटो घेतला होता. पण त्या काळची काच ओली असतानाच कॅमेऱ्यात घालावी लागे आणि वाळायच्या आत धुवावी लागे. त्यासाठी अंधारी जागा आणि रसायनं जवळच हवीत. वाऱ्यावर डुलणाऱ्या टोपलीत हे जमणं कठीण. या युद्धात बलूनमधून घेतलेला, खात्रीचा म्हणावा असा एकही फोटो आज उपलब्ध नाही. नकाशावर हाताने खुणा करणं आणि तार पाठवणं यावरच काम भागलं.

हा लोव कोण?

लोव सैनिक नव्हता. बलूनमधून अटलांटिक महासागर ओलांडायचा त्याचा ध्यास होता. त्याचा सराव म्हणून २० एप्रिल १८६१ च्या पहाटे तो सिनसिनाटीहून उडाला आणि वाऱ्याने त्याला नेऊन टाकलं थेट साउथ कॅरोलायनात. युद्ध सुरू होऊन जेमतेम आठवडा झाला होता. उत्तरेचा हेर समजून लोकांनी त्याला धरलं. २०२३ चा बलून ज्या राज्याच्या किनाऱ्याजवळ पडला तेच हे राज्य.

सुटका झाल्यावर तो वॉशिंग्टनला आला. स्मिथसोनियन संस्थेचे जोसेफ हेन्री यांनी त्याची शिफारस केली, लिंकन यांनी त्याच्या बाजूने वजन टाकलं आणि लोवच्या हाताखाली बलून तुकडी उभी राहिली. एकूण सात बलून बांधले गेले. दुपदरी शिवलेलं रेशीम आणि गॅस झिरपू नये म्हणून त्यावर जवसाच्या तेलाचं रोगण.

जॉन वाइज आणि जॉन लामाउंटन हे दोघं अनुभवी बलूनवालेही याच कामासाठी धडपडत होते. वाइजचा भरलेला बलून बुल रनच्या लढाईकडे नेतानाच झाडांत अडकून फाटला. लामाउंटनची पद्धत अधिक धाडसाची. तो दोर सोडून मोकळाच उडे. खालच्या वाऱ्याने शत्रूच्या बाजूला जायचं आणि वर चढून उलट्या दिशेच्या वाऱ्यावर परत यायचं. परतताना एकदा त्याच्यावर आपल्याच सैनिकांनी गोळ्या झाडल्या. लोवने बलून कायम दोरांनी बांधून ठेवला, आणि तारायंत्र जोडायचं तर दुसरा मार्गही नव्हता.

एवढा गॅस रणांगणावर आणायचा कुठून?

या सगळ्या प्रकरणातली खरी मेहनत इथे आहे, आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

वॉशिंग्टनमध्ये असताना शहराच्या गॅसच्या नळावर बलून भरता येई. पण फौज पुढे सरकली की नळ मागे राहतो. भरलेला बलून दोरांनी धरून रस्त्याने नेला तर झाडं, तारा, पूल आडवे येतात. म्हणून लोवने गाड्यांवर बसवलेली गॅसची यंत्रं आखली आणि वॉशिंग्टनच्या नौदल कारखान्यात अशी बारा यंत्रं तयार झाली. मोठ्या लाकडी टाक्यांत लोखंडाचा कीस भरायचा, वरून पाणी आणि गंधकाम्ल सोडायचं, की हायड्रोजन सुटतो. तो गरम आणि आम्लाच्या वाफेने भरलेला असतो. तसाच सोडला तर रेशीम खाऊन टाकेल. म्हणून आधी पाण्यातून थंड करून आणि चुन्यातून शुद्ध करून मग तो बलूनमध्ये घ्यायचा.

आता हिशेब करू. ९०० घनमीटर हायड्रोजन म्हणजे साधारण ७५ किलो. रसायनशास्त्राच्या नियमाने ५६ किलो लोखंड आणि ९८ किलो गंधकाम्ल यांतून मिळतो फक्त २ किलो हायड्रोजन. म्हणजे ‘इंट्रेपिड’ एकदा भरायला काहीही वाया न जाता दोन टनांहून जास्त लोखंड आणि साडेतीन टनांहून जास्त आम्ल लागणार. हे सगळं व्हर्जिनियाच्या चिखलातून घोड्यांच्या गाड्यांवर वाहून न्यायचं, त्याच रस्त्यांवरून ज्यांवर दारूगोळा आणि शिधा चालला आहे. भरल्यानंतरही गॅस हळूहळू निसटतोच, त्यामुळे पुन्हा भर घालणं आलं.

पाण्यावरून वाहतूक सोपी, म्हणून नौदलाने कोळसा वाहणारी एक नौका सपाट करून लोवला दिली. ‘जॉर्ज वॉशिंग्टन पार्क कस्टिस’ हे तिचं नाव. नोव्हेंबर १८६१ पासून पोटोमॅक नदीवर तिच्यावरून बलून चढवले गेले. विमानवाहू जहाजांची पूर्वज म्हणून तिचा उल्लेख होतो तो याचमुळे.

वर दिसलं, पण खाली कसं कळवायचं?

मला वाटतं, लोवचं मोठेपण बलूनपेक्षा तारायंत्रात आहे. फ्रेंच लोक चिठ्ठी दोरावरून खाली सोडत किंवा झेंड्यांनी खुणा करत. लोवने टोपलीतली वायर सरळ सेनापतीच्या तंबूपर्यंत जोडून दिली.

२४ सप्टेंबर १८६१ रोजी याचा नवा उपयोग झाला. लोव फोर्ट कॉर्कोरनजवळ वर गेला. सुमारे पाच किलोमीटरवर फॉल्स चर्च या गावाजवळ दक्षिणेचा तळ होता. तोफा चालवणाऱ्यांना तो दिसतच नव्हता. गोळा डावीकडे पडला, उजवीकडे पडला, पुढे गेला, अलीकडे पडला, हे लोव वरून कळवत गेला आणि तोफा त्याप्रमाणे सरकत गेल्या. न दिसणाऱ्या लक्ष्यावर दुसऱ्याच्या डोळ्यांनी मारा करण्याची ही रीत पुढे सगळ्या तोफखान्यांनी उचलली. आज ड्रोन हेच करतो.

३१ मे १८६२ चा प्रसंग मला या तुकडीचा सर्वांत जिवंत वाटतो. दक्षिणेची राजधानी रिचमंड, तिच्याजवळ फेअर ओक्सची लढाई पेटली होती. पावसाने चिकहॉमिनी नदी फुगलेली, उत्तरेची फौज नदीच्या दोन्ही काठांवर विभागलेली. लोवने लहान बलूनमधून पाहिलं, पण तारायंत्रासकट वर जायला त्याची ताकद पुरेना. मोठा ‘इंट्रेपिड’ अजून भरत होता आणि तासभर तरी लागणार होता. लोवला तिथे छावणीतलं एक पातेलं सापडलं. त्याने त्याचा तळ कापून काढला आणि त्याची नळी करून दोन्ही बलूनची तोंडं जोडली. लहानातला गॅस मोठ्यात गेला. तो वर चढला आणि शत्रूच्या हालचालींच्या तारा खाली येऊ लागल्या. हे लोवनेच नंतर अहवालात लिहिलं आहे, आणि त्या तारांनी लढाई किती बदलली यावर वाद होऊ शकतो. पातेल्याची युक्ती मात्र अस्सल कारागिराची आहे.

गोळी लागली की फुटत नव्हता का?

वाढदिवसाचा रबरी फुगा ताणलेला असतो, म्हणून टाचणीने फुटतो. रेशमी बलून ताणलेला नसतो. आतला आणि बाहेरचा दाब जवळपास सारखाच, त्यामुळे गोळीने भोक पडलं तर गॅस नुसता हळूहळू झिरपतो. हायड्रोजन पेट घेतो हे खरं, पण त्याला हवेतला ऑक्सिजन आणि ठिणगी दोन्ही लागतात. पेटत्या गोळ्यांनी बलून जाळण्याचं तंत्र पहिल्या महायुद्धात आलं.

तोफा डागल्या गेल्याच. पण त्या काळच्या तोफांची नळी फार वर करता येत नसे, त्यामुळे पुरेशा उंच गेलेल्या बलूनला धोका कमी. जोखमीचा वेळ चढतानाचा आणि उतरतानाचा. बलूनवर सोडलेले गोळे आजूबाजूच्या छावणीत पडत, त्यामुळे खालचे सैनिक मात्र या शेजाऱ्याला कंटाळलेले असत. लोवच्या तुकडीचा एकही बलून शत्रूच्या माऱ्याने पडला नाही.

दोर तुटला तर?

११ एप्रिल १८६२ रोजी व्हर्जिनियातल्या यॉर्कटाउनला हे घडलं. उत्तरेचे जनरल फिट्झ जॉन पोर्टर एकटेच वर गेले होते आणि बलून एकाच दोरावर होता. आम्ल लागून तो दोर कमजोर झाला होता असं नंतर सांगितलं गेलं. दोर तुटला, बलून सरळ दक्षिणेच्या मोर्च्यांवर गेला. पोर्टर यांनी त्याही अवस्थेत दुर्बिणीतून पाहणी चालू ठेवली. सुदैवाने वारा फिरला आणि ते आपल्याच छावणीत उतरले. उत्तरेचे सेनापती मॅक्लेलन यांनी त्यानंतर पत्नीला लिहिलं की या बलूनमध्ये मी काही जाणार नाही आणि माझ्या जनरलांनाही जाऊ देणार नाही.

दक्षिणेकडेही असाच अनुभव आला. त्यांच्याकडे हायड्रोजनची यंत्रं नव्हती. यॉर्कटाउनलाच जॉन रँडॉल्फ ब्रायन हा तरुण अधिकारी रोगण लावलेल्या सुती बलूनमधून गरम हवेवर वर जाई. एकदा खालच्या एका सैनिकाचा पाय दोराच्या वेटोळ्यात अडकला. त्याला वाचवायला दुसऱ्याने दोरच तोडला. ब्रायन उडत गेला आणि त्याच्याच बाजूच्या सैनिकांनी शत्रूचा बलून समजून त्याच्यावर गोळ्या झाडल्या. तो बचावला. नंतर दक्षिणेने रंगीबेरंगी रेशमाचा एक बलून केला, तो रिचमंडच्या गॅस कारखान्यात भरून रेल्वेने पुढे नेला आणि शेवटी एका बोटीला बांधला. ४ जुलै १८६२ रोजी ती ‘टीझर’ नावाची बोट जेम्स नदीत गाळात रुतली आणि बलूनसकट उत्तरेच्या हाती लागली.

दिसलं म्हणजे कळलं का?

नाही. एप्रिल १८६२ मध्ये यॉर्कटाउनला दक्षिणेचे जनरल मॅग्रुडर यांच्याकडे सुरुवातीला साधारण १३,००० माणसं होती. समोर मॅक्लेलन यांची कैक पटींनी मोठी फौज. मॅग्रुडर यांनी तीच माणसं पुन्हा पुन्हा फिरवून नवी कुमक येत असल्याचा देखावा केला. उत्तरेकडे बलून होता, तरीही मॅक्लेलन यांनी हल्ला न करता महिनाभर वेढा घातला. बलूनमधून तंबू मोजता येतात, पण आधीच बिचकलेल्या सेनापतीला धीर देता येत नाही.

झाडीचंही तसंच. मे १८६३ मध्ये चॅन्सेलर्सव्हिलला जनरल जॅक्सन यांनी दाट जंगलातून फौज फिरवून उत्तरेच्या बगलेवर हल्ला केला. बलून तेव्हा पूर्वेला, फ्रेडरिक्सबर्गच्या बाजूला होते, आणि व्हर्जिनियाच्या त्या रानात वरून पानांशिवाय फार काही दिसलंही नसतं.

मग उपयोग काय झाला? याचं सर्वांत चांगलं उत्तर शत्रूनेच दिलं आहे. एडवर्ड पोर्टर अलेक्झांडर हे दक्षिणेचे तोफखान्याचे अधिकारी. त्यांनी स्वतः दक्षिणेच्या बलूनमधून पाहणी केली होती. युद्धानंतर त्यांनी लिहिलं की उत्तरेने १८६३ मध्ये बलून का सोडून दिले हे आपल्याला कधीच समजलं नाही. वरच्या माणसाला काहीही दिसलं नसतं, तरी त्याच्या नजरेतून हालचाली लपवण्यात आम्हाला जो त्रास आणि उशीर झाला तेवढ्यानेच बलूनचा खर्च वसूल झाला असता, असा त्यांचा निर्वाळा.

हे वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं. बलून दिसू लागल्यावर दक्षिणेच्या फौजेला शेकोट्या झाकाव्या लागल्या, जवळचा रस्ता सोडून झाडीआडून लांबचा धरावा लागला. टेहळणी शत्रूचं वागणं बदलते, आणि त्याची किंमत शत्रू रोज मोजतो. कोणत्याही अहवालात ही रक्कम जमेला येत नाही, म्हणून अशी साधनं कागदावर निरुपयोगी ठरतात.

एवढा उपयोग होता, तर तुकडी बंद का केली?

कारण ती कुणाचीच नव्हती. लोव आणि त्याची माणसं शेवटपर्यंत रोजावर काम करणारे नागरिक राहिले. हुद्दा नाही, गणवेशाचा अधिकार नाही, पकडले गेले तर युद्धकैदी न मानता हेर म्हणून फाशी होण्याची भीती. सैन्यात त्यांची जबाबदारी एका खात्याकडून दुसऱ्याकडे फिरत राहिली. रस्त्यात गाडी हवी तर ज्याच्याकडे गाड्या आहेत त्याची मनधरणी करायची. १८६३ मध्ये कॅप्टन सायरस कॉमस्टॉक यांच्याकडे देखरेख आली. त्यांनी लोवचा रोज १० डॉलरवरून ६ डॉलर केला आणि हिशेबाची कडक तपासणी लावली. मलेरियाने आधीच खंगलेला लोव मे महिन्यात बाहेर पडला. ऑगस्टपर्यंत तुकडी संपली. गेटिसबर्गची मोठी लढाई १ ते ३ जुलैला झाली, तेव्हा उत्तरेकडे वर जाऊन पाहणारा कुणी नव्हता.

कॉमस्टॉक यांना खलनायक ठरवणं सोपं आहे. सरकारी पैशाचा हिशेब मागणं हे त्यांचं कामच होतं. चूक त्याच्या आधीची: दोन वर्षांत या माणसांना सैन्यात सामावून घ्यायचा निर्णय कुणी घेतला नाही. इंग्रजांनी पुढे १८७८ पासून हे काम थेट आपल्या इंजिनिअर सैनिकांना दिलं आणि आम्लाच्या गाड्यांऐवजी दाबून भरलेल्या हायड्रोजनच्या नळकांड्या आणल्या. दक्षिण आफ्रिकेत १८९९ मध्ये सुरू झालेल्या बोअर युद्धात त्यांचे बलून फौजेबरोबर चालले.

मग आज उपग्रह असताना?

खालच्या कक्षेतला उपग्रह ताशी सुमारे २७,००० किलोमीटर वेगाने जातो. एका जागेवर त्याची नजर काही मिनिटंच असते आणि तो कधी येणार हे समोरच्याला आधीच मोजता येतं. तो गेला की हालचाल करायची. दोराने बांधलेला बलून तिथेच थांबतो, म्हणजे अलेक्झांडर यांना झालेला त्रास रात्रंदिवस चालू राहतो. शिवाय जमिनीवरच्या रडारला गोल पृथ्वीआड लपून खालून येणारं विमान दिसत नाही. रडार उंच नेलं तर दिसतं.

वारा मात्र अजून तोच आहे. ऑक्टोबर २०१५ मध्ये अमेरिकेच्या सैन्याचा रडार बसवलेला बांधलेला बलून मेरीलँडमध्ये दोर तुटून सुटला आणि मैलभराहून लांब केबल ओढत पेनसिल्व्हेनियात गेला. वाटेत विजेच्या तारा तुटल्या, हजारो घरं अंधारात गेली. पुढे त्या प्रकल्पाचा पैसा थांबला.

भारतातही हे काम चालू आहे. डीआरडीओने ३ मे २०२५ रोजी मध्य प्रदेशातल्या श्योपूर इथून बलूनसारखं हवेत तरंगणारं एक यान (एअरशिप) सुमारे १७ किलोमीटर उंचीवर पाठवलं. मूळ तत्त्व तेच, हवेपेक्षा हलका गॅस. तेवढ्या उंचीवरून क्षितिज जवळपास ४६५ किलोमीटरवर जातं. चाचणी ६२ मिनिटांची होती. टेहळणीला ते दिवसच्या दिवस एका जागी टिकावं लागेल, आणि ते कोणत्या दलाकडे राहणार, त्याचा गॅस आणि माणसं कोण पुरवणार, हे चाचण्या संपायच्या आत ठरलेलं बरं.